चार स्क्रूंची गिटार

स्ट्रॅटोकॅस्टर वाचायची असेल तर ती आधी पालथी घालावी. पुढची बाजू सगळ्यांच्या ओळखीची असते: दोन शिंगं, तीन पिकअप, त्यातला ब्रिजजवळचा तिरका. मागे, नेक आणि बॉडी जिथे भेटतात तिथे, एक लहानसा चौकोनी पत्रा दिसतो आणि त्यात चार स्क्रू. साधे, लाकडात जाणारे. 1954 साली ही गिटार बाजारात आली, तेव्हा नेक बॉडीला सरसाने कायमचा चिकटवणं ही उत्तम कारागिरीची खूण मानली जाई. दोनच वर्षं आधी आलेल्या गिब्सन लेस पॉलचा नेक तसाच चिकटवलेला आहे. लिओ फेंडरने तो चार स्क्रूंनी आवळला. नेक वाकला, फ्रेट झिजले, तर स्क्रू काढायचे आणि दुसरा नेक बसवायचा.

फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. 1938 साली कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात त्याने रेडिओ-दुरुस्तीचं दुकान काढलं आणि तिथे येणाऱ्या वादकांचे बिघडलेले अँप्लिफायर उघडता उघडता तो वाद्यांकडे वळला. दुरुस्ती करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: प्रत्येक वस्तू कधी ना कधी कुणाला तरी उघडावी लागते. स्ट्रॅटोकॅस्टरच्या रचनेत ही जाणीव जागोजागी भेटते. ब्रिजवर प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल. ते वरखाली करायला दोन बारीक स्क्रू, मागेपुढे करायला एक. पिकअपची उंची बदलायला स्क्रू. पाठीमागच्या स्प्रिंगांचा ताण बदलायला दोन लांब स्क्रू. नेकच्या पोटात पोलादी सळई आणि तिचा पीळ कमीजास्त करायची सोय. वरचा प्लास्टिकचा पिकगार्ड सोडवला की तिन्ही पिकअप, स्विच आणि जवळपास सगळं वायरिंग एकदम हातात येतं. जे जे बिघडू शकतं, झिजू शकतं किंवा वादकागणिक वेगळं हवं असू शकतं, त्या प्रत्येकाशी त्याने एक स्क्रू ठेवला आहे. मला या वाद्याचं सर्वांत मोठं सौंदर्य इथे दिसतं. बॉडीच्या बाकावर मी भाळतो, पण दुसऱ्या क्रमांकावर.

आणि म्हणूनच या रचनेची स्वस्त, जुनी, कुणीतरी विकून टाकलेली नक्कलसुद्धा इतकी वाचनीय असते. सत्तरच्या दशकात जपानी कारखान्यांनी स्ट्रॅटच्या नकला इतक्या चांगल्या काढल्या, की 1982 मध्ये फेंडर कंपनीने स्वतःच जपानात, मात्सुमोतोच्या फुजिजेन कारखान्यातून, स्क्वायर या नावाने कमी किमतीच्या गिटार बनवून घ्यायला सुरुवात केली. मग कोरिया, चीन, इंडोनेशिया. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात फेंडरच्याच मालकीच्या सन या नावाखाली, मस्टँग म्हणून, स्ट्रॅटच्या धाटणीच्या गिटार भारतातही बनल्या. याशिवाय ज्यांच्या हेडस्टॉकवरचं नाव कुणाला आठवणारही नाही अशा असंख्य.

या गिटारींमध्ये नेमकं काय स्वस्त केलेलं असतं? स्केलची, म्हणजे वाजणाऱ्या तारेची, लांबी तीच राहते, साडेपंचवीस इंच, म्हणजे 648 मिलिमीटर. फ्रेटच्या खाचा यंत्र कापतं, आणि आजचं यंत्र त्या महागड्या गिटारइतक्याच अचूक कापतं. लाकूड हलकं असेल, ब्रिजखालचा ठोकळा पोलादाऐवजी ओतीव जस्ताचा असेल, नॉबखालचे पॉट लहान असतील. पण सर्वांत मोठी काटछाट होते ती माणसाच्या हाताच्या वेळेत. नटच्या खाचा एकेक करून योग्य खोलीपर्यंत उतरवायला वेळ लागतो. फ्रेटची टोकं कानशीने गोल करायला वेळ लागतो. सहा सॅडल्स एकेका सुराला जुळवायला वेळ लागतो. कारखान्याने तो वेळ दिलेला नसतो, एवढंच. रचना शाबूत असते. त्यामुळे पन्नास वर्षांनंतर, दुसऱ्या खंडात, तिसऱ्याच माणसाला तो वेळ देता येतो. सेटअप म्हणतात तो हा.

माझ्यासमोर आहे ती अशीच एक गिटार. आधीच्या वादकाचं हस्ताक्षर तिच्या फ्रेटवर उमटलेलं आहे. पहिल्या तीन फ्रेटवर, वरच्या ई आणि बी तारेखाली, धातूत स्पष्ट खळगे पडलेत. तिसऱ्यानंतर झीज एकदम कमी होते आणि सातव्यापासून पुढे फ्रेट जवळजवळ कोरे. म्हणजे ही गिटार सी, जी, डी, ए मायनर अशा सुट्या तारांच्या कॉर्ड्सवर वाजत राहिली आणि तिथेच थांबली. पिकगार्डवरचे ओरखडे एकाच पट्ट्यात दाट आहेत. हात वरून खाली, खालून वर असाच चालला होता. व्हॉल्यूमच्या नॉबवरचे आकडे पुसट झालेत, टोनच्या दोन्ही नॉबवरचे ठळक आहेत. खळगे मात्र त्या थोड्या जागेत फार खोल आहेत. एवढ्या खोल खळग्यांना एक तर खूप वर्षं लागतात किंवा खूप जोर. इथे जोर लागला होता, आणि का लागला होता हे नट सांगतो.

नट म्हणजे नेकच्या टोकाची ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. तो तपासायची रीत सोपी आहे. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरायची आणि पहिल्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली किती फट उरते ते पाहायचं. पातळ कागदाइतकी उरली तर नट बरोबर. इथे पोस्टकार्ड आत गेलं असतं. नट उंच असला की पहिल्या फ्रेटवर तार दाबायला नको इतका जोर लागतो, आणि दाबताना ती नको इतकी ताणली जाते. ताणली की सूर चढतो. सुटी तार ट्यूनरवर बरोबर, पण बी तारेच्या पहिल्या फ्रेटवरचा सी चढलेला. म्हणजे सी कॉर्ड वाजवला की काहीतरी बेसूर. शिकणारा पुन्हा ट्यूनर लावतो. ट्यूनर पुन्हा सांगतो, सगळं ठीक आहे.

या जागी मला थांबून राग व्यक्त करावासा वाटतो. किती मुलामुलींनी एफ कॉर्डपाशी गिटार सोडली असेल! बोटं दुखतात, आवाज दबतो, सूर चुकतो, आणि घरात सगळे म्हणतात की रियाज कमी पडतोय, बोटांना घट्टे पडले की जमेल. घट्टे पडतात, तरी जमत नाही. मग ‘आपल्याला संगीताचं अंग नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि गिटार विकली जाते. दोष अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी उंचीत असतो, एका प्लास्टिकच्या पट्टीत असतो. शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्याच्या हातातली गिटार आधी स्वतः तिसऱ्या फ्रेटवर दाबून पाहावी, मगच बोटांबद्दल बोलावं, असं मला फार मनापासून वाटतं.

नटसाठी बनवलेल्या खास कानशी महाग असतात. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात गॅसचे नोझल साफ करायच्या खरबरीत तारांचा संच मिळतो. वेगवेगळ्या जाडीच्या त्या तारा नटच्या खाचा उतरवायला उत्तम चालतात. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवीला असलं सामान सहज सापडतं. काम मात्र सावकाशीचं आहे. चारदा घासायचं, तार बसवायची, दाबून पाहायचं, पुन्हा चारदा घासायचं. खाच जास्त खोल गेली तर सुटी तार पहिल्या फ्रेटवर थडथडते आणि नट बदलावा लागतो. शिवाय खाचेचा तळ हेडस्टॉककडे किंचित उतरता हवा, म्हणजे तारेचा शेवटचा स्पर्श फिंगरबोर्डकडच्या कडेवर राहतो. तळ सपाट राहिला किंवा उलटा कलला, तर सुटी तार खाचेत घासत वाजते आणि गिटारमधून सतारीसारखी झणझण येते.

ती झणझण ऐकून आपल्याकडच्या माणसाचा कान क्षणभर सुखावतो, कारण ती आपण मुद्दाम घडवतो. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि अगदी हलका उतरता असतो. तार त्यावर घासत कंप पावते, आणि तारेखालचा दोरा सरकवून जवारी खुलवली जाते. मिरजेच्या ज्या कारागिरांनी या कामात नाव कमावलं त्यांचे पूर्वज शिकलगार होते, शस्त्रांना धार लावणारे. धातू आणि कानस त्यांच्या हातात आधीपासून होती. गिटारच्या नटवर कानस चालवताना लक्ष नेमकं उलट दिशेला द्यावं लागतं: तार एका काटेकोर रेषेवर सुटली पाहिजे, पृष्ठभागावर नाही. पण दोन्हीकडे निवाडा कानाचाच असतो, आणि दोन्हीकडे केसाइतकं घासलेलं ऐकू येतं.

खरं तर नटच्याही आधी नेक पाहायला हवा, कारण पुढचं प्रत्येक माप त्याच्यावर उभं आहे. दहा नंबरच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून ताण सुमारे 47 किलोग्रॅम होतो, आणि तो सतत नेकला पुढे वाकवत असतो. फेंडरला सुरुवातीला वाटलं होतं की कठीण मेपलला आतल्या सळईची गरज नाही. 1950 मधल्या त्याच्या पहिल्या काही एस्क्वायर गिटारी तशाच निघाल्या. त्यांचे नेक वाकू लागले आणि लवकरच ट्रस रॉड आत गेला. त्या रॉडने नेक अगदी सरळ करायचा नसतो, थोडा बाक ठेवायचा असतो. कंप पावणारी तार मधल्या भागात सर्वांत जास्त झुलते, त्या झुलण्यासाठी ही जागा. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबली की ती स्वतःच सरळ पट्टी होते. आठव्या फ्रेटजवळ तिच्याखाली पाव मिलिमीटर फट हवी. योगायोग असा की दहा नंबरच्या संचातली सर्वांत बारीक तार बरोबर 0.010 इंच, म्हणजे पाव मिलिमीटर जाडीची असते. तुटलेल्या तारेचा एक तुकडा जपून ठेवला तर वेगळं मापक लागत नाही. तो तुकडा अलगद सरकला, तार उचलली गेली नाही, तर बाक बरोबर.

रॉड फिरवायचा तो एका वेळी पाव आटा. मग लाकडाला थोडा वेळ द्यायचा. रॉडला जोर लावणाऱ्यांनी चांगले नेक फोडलेले आहेत. जुनी गिटार विकत घेताना मी बाकी काहीही माफ करतो: पोपडे उडालेला रंग, खरखरणारा पॉट, तुटलेला जॅक. पण रॉड जाम असेल, किंवा नेक दोरीसारखा पिळलेला असेल, तर ती गिटार कितीही स्वस्त असो, परत ठेवून द्यावी. आणि एकदा केलेलं माप कायमचं टिकत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं. नागपूरच्या मे महिन्यात आक्रसतं. लाकूड आक्रसतं, फ्रेटचा धातू आक्रसत नाही, म्हणून उन्हाळ्यात फ्रेटची टोकं नेकच्या कडेबाहेर येऊन तळव्याला टोचू लागतात. लोक त्याला निकृष्टपणा समजतात. तिरप्या धरलेल्या बारीक कानशीने ती टोकं एकदा गोल केली की काम झालं, आणि हाताला एकदम वेगळीच गिटार लागते.

फिंगरबोर्ड तेलपाण्यावाचून करडा पडलेला होता. अशा स्वस्त गिटारींच्या या गडद फळीविषयी एक गोष्ट आपल्याकडे माहीत असायला हवी. शिसवीच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 मध्ये निर्बंध आले आणि स्क्वायरसारख्या गिटारींवर शिसवीऐवजी इंडियन लॉरेल नावाचं लाकूड दिसू लागलं. हा आपला ऐन. सह्याद्रीत खोल चौकोनी भेगांच्या सालीवरून लांबूनही ओळखू येणारा, विदर्भात ज्याच्या पानांवर टसरचे किडे पोसले जातात तो. 2019 मध्ये तयार वाद्यांना त्या निर्बंधातून सूट मिळाली, तरी ऐन राहिला. बारीक पोलादी लोकरीने मळ काढून तेलाचा एक हात दिला की त्याच्या तपकिरी रेघा वर येतात. (लोकर फिरवताना पिकअपवर कागदी टेप आठवणीने चिकटवावी; त्यांची चुंबकं पोलादाचा प्रत्येक कण ओढून घेतात.) फ्रेटवरचे खळगे मी पूर्ण काढले नाहीत. सगळे फ्रेट त्या खोलीपर्यंत घासायचे तर बाकीच्यांचं आयुष्य उगाच संपतं. लांब सपाट पट्टीला पॉलिश पेपर लावून माथे एका पातळीत आणले, मग त्यांना पुन्हा गोलाई दिली. खळगे उथळ झाले, तार ओढताना अडखळायची थांबली. तेवढं पुरे.

आता सॅडल्स, आणि हा भाग मला सर्वांत रसाळ वाटतो. आधी उंची: सतराव्या फ्रेटवर तारेखाली सुमारे 1.6 मिलिमीटर, आणि सहाही सॅडल्सचे माथे मिळून फिंगरबोर्डच्या गोलाईशी जुळणारी कमान. मग लांबी. बाराव्या फ्रेटवर तारेचा बरोबर मध्य येतो, नटपासून 324 मिलिमीटर, आणि तिथे सूर एक सप्तक वर जायला हवा. पण तार दाबली की ती ताणली जाते, सूर किंचित चढतो. त्याची भरपाई म्हणून सॅडल मागे सरकवून तार जराशी लांब करायची. जितका तारेच्या आतला पोलादी गाभा जाड, तितकी भरपाई जास्त. म्हणून नीट जुळवलेल्या ब्रिजकडे वरून पाहिलं तर एक ठरावीक नक्षी दिसते: बारीक ई तार सर्वांत पुढे, बी तिच्या मागे, जी आणखी मागे. मग चौथी तार, डी, एकदम पुढे येते, कारण तिथून गुंडाळलेल्या तारा सुरू होतात आणि त्यांचा गाभा जी तारेपेक्षा बारीक असतो. पुढे ए आणि जाड ई पुन्हा पायरीपायरीने मागे. दोन उतरते जिने. ही नक्षी नजरेला सापडली की न वाजवताही कळतं की या गिटारला कुणीतरी वेळ दिलेला आहे. माझ्यासमोरच्या गिटारची सहाही सॅडल्स एका सरळ रेषेत होती.

इतकं करूनही गिटार पूर्ण सुरात येत नाही, आणि तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला ते आधी कळतं. फ्रेटची अंतरं एका स्थिर गुणोत्तराने कमी होत जातात. प्रत्येक फ्रेट उरलेल्या लांबीच्या साधारण अठराव्या भागावर बसतो आणि सप्तकाचे बारा तुकडे सारखे होतात. त्या वाटणीत शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा चौदा सेंट चढा राहतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाइतका. ई मेजर कॉर्डमध्ये हा गंधार जी तारेच्या पहिल्या फ्रेटवर येतो. कान त्याला उतरवायला सांगतो. खुंटी फिरवून जी तार उतरवली की ई मेजर गोड होतो आणि लगेच जी मेजरचा षड्ज पडतो. इथे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं असतं, की हा या गिटारचा दोष नाही; सगळ्या कॉर्ड्स एकाच नेकवर वाजाव्यात म्हणून प्रत्येकाने थोडंथोडं सोसलेलं आहे. ज्याला हे ठाऊक आहे तो सॅडल्सना छळत बसत नाही. ट्यूनरवर बारावा फ्रेट जुळला की तो स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवतो.

ब्रिजला जोडलेल्या, सूर हलवायच्या दांडीबद्दल माझं मत अनेक वादकांना पटणार नाही. फेंडरची कल्पना अशी, की ब्रिज सहा स्क्रूंच्या धारेवर डोलावा, एका बाजूला तारांचा ताण, दुसऱ्या बाजूला पाठीमागच्या स्प्रिंगांचा, आणि मागची कड बॉडीपासून तीनेक मिलिमीटर उचललेली. कल्पना सुंदर आहे. तिला काटेकोर बनवलेले सुटे भाग लागतात, आणि स्वस्त गिटारमध्ये नेमके तेच नसतात: स्क्रूंची भोकं सैल, ठोकळा हलका, नटच्या खाचांत तार अडकलेली. दांडी एकदा दाबली की सूर परत जागेवर येत नाही. अशा गिटारला मी पाचही स्प्रिंग लावतो आणि मागचे दोन स्क्रू इतके आवळतो की ब्रिज बॉडीवर ठाम टेकतो. सूर टिकतो, आणि एक तार ओढली की बाकीच्या पाच उतरत नाहीत.

यात वाद्याचा अपमान वगैरे काही नाही. एरिक क्लॅप्टनच्या ‘ब्लॅकी’चा ब्रिज पाच स्प्रिंगांनी आणि लाकडाच्या तुकड्याने असाच जखडलेला होता. ती गिटार इथे आठवायला आणखी मोठं कारण आहे. 1970 साली क्लॅप्टनने नॅशव्हिलच्या एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅट घेतल्या. तेव्हा त्यांना फारसं कुणी विचारत नव्हतं, त्या स्वस्तात मिळाल्या. तीन त्याने जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवूड या मित्रांना दिल्या. उरलेल्या तिन्ही सोडवून त्यांतले सर्वांत चांगले भाग एकत्र आणून एक गिटार उभी केली. नेक एकीचा, बॉडी दुसरीची. 2004 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती 9,59,500 डॉलरला गेली, आणि पैसे त्याने अँटिग्वात काढलेल्या व्यसनमुक्ती केंद्राला मिळाले. चिकटवलेल्या नेकच्या गिटारींतून अशी गिटार जन्मालाच आली नसती. ब्लॅकीचं मोल सांगताना तिच्या मालकाच्या बोटांबद्दल खूप लिहिलं गेलंय. त्या चार स्क्रूंबद्दलही लिहिलं जायला हवं.

खुंट्यांविषयी थोडक्यात: त्या क्वचितच गुन्हेगार असतात. सूर उतरतो तो बहुधा तार खुंटीवर नीट न गुंडाळल्यामुळे किंवा नटमध्ये अडकल्यामुळे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं, तार बसवल्यावर हाताने ताणून घेतली, की बहुतेक तक्रारी मिटतात. खुंट्यांवर खर्च करायची घाई करू नये.

पिकगार्ड उघडल्यावर आतलं वायरिंग वाचायला मिळतं. लहान पॉट, अर्धवट वितळलेल्या सोल्डरचे मोठे गोळे, एक वायर नुसती टेकलेली. चांगला सांधा चमकतो आणि वायरला सगळीकडून कवेत घेतो; थंड सांधा राखाडी आणि फुगीर दिसतो. अधूनमधून आवाज जाण्याचं कारण तो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पॉट, कपॅसिटर, स्विच सगळं मिळतं. फक्त पॉट घेताना तो लॉग जातीचा, 250 किलोओहमच्या जवळचा पाहून घ्यावा. आपला कान आवाजाची वाढ पटीत मोजतो, सरळ रेषेत नाही. सरळ जातीचा पॉट लावला तर शून्याकडच्या थोड्याशा फिरण्यात सगळा आवाज येऊन जातो आणि उरलेली फिरकी निरर्थक होते. ब्रिजच्या स्प्रिंगांच्या पट्टीला सोल्डर केलेली अर्थिंगची वायरही तपासावी. तारांना हात लावला की घरच्या 50 हर्ट्झच्या विजेची गुणगुण कमी होते ती तिच्यामुळे. ती सुटलेली असेल तर हात लावून काहीच फरक पडत नाही. आत तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली की खरखर आणखी घटते. एका गुंडाळ्याचा पिकअप थोडा गुणगुणणारच.

पिकअप बदलण्याची सूचना सगळे सर्वांत आधी करतात. मी म्हणतो, आधी खाली करा. पिकअपची उंची हाही एक स्क्रू आहे आणि तो फुकट आहे. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून पिकअपपर्यंत दोन ते अडीच मिलिमीटर अंतर ठेवावं, जाड तारांकडे थोडं जास्त. पिकअप फार वर आला की चुंबक तारेला ओढतं. जाड ई वरच्या फ्रेटवर दोन सुरांत थरथरते आणि माणूस पुन्हा सॅडल फिरवायला लागतो. अंतर वाढवलं की आवाज थोडा घटतो, पण तारेला श्वास मिळतो आणि तिघांच्या आवाजांतला फरक ऐकू येऊ लागतो.

तो फरक ऐकायला या गिटारला पाच जागांचा स्विच आहे, आणि त्यातल्या दोन जागा वादकांनी मिळवलेल्या आहेत. 1954 च्या स्विचला तीनच जागा होत्या, तीन पिकअपसाठी तीन. वादकांच्या लक्षात आलं की स्विच दोन खाचांच्या मध्ये अडकवला तर दोन पिकअप एकत्र वाजतात आणि एक पोकळ, स्वच्छ, किंचित नाकातला आवाज येतो. वर्षानुवर्षं ते स्विच असा अधांतरी ठेवून वाजवत राहिले. 1977 मध्ये फेंडरने पाच जागांचा स्विच दिला. आज हजारो लोक ज्याला स्ट्रॅटचा खरा आवाज म्हणतात तो आराखड्यात नव्हता.

जुन्या वायरिंगमध्ये एक गोष्ट मला कधीच पटलेली नाही: ब्रिजचा पिकअप सर्वांत तिखट, आणि नेमका त्यालाच टोनचा नॉब नाही. दोन टोन आहेत ते नेकच्या आणि मधल्या पिकअपसाठी. स्विचवर दोन बोटं लांबीची वायर जोडून दुसरा टोन ब्रिजलाही लावता येतो; स्विच उघडलेलाच असतो, दोन सांधे द्यायचे. या सगळ्या खटाटोपातल्या सर्वांत स्वस्त सुधारणांपैकी ही एक, आणि तिच्यामुळे गिटारला एक संपूर्ण नवा आवाज मिळतो. टोन सहावर आणला की ब्रिजच्या पिकअपची धार राहते आणि कानात घुसणारा किरटेपणा जातो. तार तिसऱ्या बोटाने ओढून पूर्ण स्वर चढवली तर वर पोहोचल्यावरही सूर भरीव राहतो. पिकअप सिरॅमिकचे, साधेच आहेत. मी ते ठेवणार आहे.